पाचोळा जाळू नका, पाणी धावू देऊ नका

फेब्रुवारी लागला की कर्जतच्या दहिवलीत सकाळी दार उघडताच धुराचा वास घरात शिरतो. गल्लीत कुणीतरी अंगण झाडून आंब्या-फणसाची, सागाची पानं कोपऱ्यात ओढलेली असतात आणि वर काडी लावलेली असते. तासाभरात तिथे मूठभर राख उरते. मे महिन्यात कुंड्या सुकतात म्हणून हेच घर दिवसातून दोनदा पाणी घालतं आणि जूनमध्ये नर्सरीतून गांडूळखताची पिशवी विकत आणतं. उन्हाळ्यात मातीला जे पांघरूण लागणार होतं ते झाडाने आपण होऊन फेब्रुवारीतच दारात टाकलं होतं. ते आपण जाळलं.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बाग करणाऱ्या, करू पाहणाऱ्या सगळ्यांना मला मुळात एवढंच सांगायचं आहे. आपल्या हद्दीत पडलेला पाचोळा हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि आपल्या हद्दीत पडलेलं पाणी धावत बाहेर जाऊ द्यायचं नाही. रोपं कुठली, कुंडी कुठली, खत कुठलं, हे सगळं त्याच्या नंतर.

या पद्धतीच्या बागेला हल्ली पर्माकल्चर म्हणतात. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी तो शब्द रूढ केला. त्यांचं पहिलं पुस्तक १९७८ साली आलं. जंगल जसं कुणी खतपाणी न घालता उभं राहतं, तशी माणसाला अन्न देणारी बाग रचायची, हा त्याचा गाभा. जमिनीची काळजी घ्या, माणसांची काळजी घ्या, जास्तीचं वाटून टाका, ही त्याची तीन तत्त्वं. आपल्याला यात परकं वाटावं असं काही नाही. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा, मांडवावर वाल आणि दुधी, खरकटं कोंबड्यांना, ही परसाची मांडणी आमच्या आज्यांना पाठ होती. परसात पेव्हर ब्लॉक बसले तेव्हा ती मोडली.

मी या बागेला चळवळ म्हणते आणि तो शब्द जपून वापरते आहे. नेरळपासून कर्जतपर्यंत, चौकपासून खोपोलीपर्यंत भातखाचरांवर मुरूम कसा पडतो, प्लॉट कसे पाडले जातात, ओढा पाइपात कसा कोंबला जातो, ते आपण लोकलच्या खिडकीतून आणि हायवेवरून रोज पाहतो. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूने उतरते, कर्जत-नेरळ करत बदलापूर-कल्याणकडे जाते आणि वाटेत लाखो लोकांना पाणी पाजते. चौकजवळच्या मोरबे धरणातून नवी मुंबईला पाणी जातं. खोपोलीहून निघालेली पाताळगंगा रसायनीवरून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. आपल्या अंगणातून वाहिलेली माती आणि खत यातल्याच कुठल्यातरी पाण्यात जातात. इथे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन चालतात. अशा मुलखात पाणी आणि माती जागच्या जागी धरणारं प्रत्येक अंगण काहीतरी बोलत असतं. शंभर अंगणं एकाच गोष्टीसाठी बोलू लागली की नगरपरिषदेला ते ऐकावं लागतं. ते कसं, ते पुढे सांगते. आधी फावडं हातात घेऊ.

पाणी: आधी मोजा, मग खणा

एक हिशेब करून बघा. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पन्हाळीतून खाली येतं. जुलैत असे दिवस आपल्याकडे नवलाचे नाहीत. अख्ख्या पावसाळ्याचं धरलं तर त्याच छपरावरून दीड लाख लिटरच्या आसपास जातं. हे पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुणाच्या दारात जातं, हे पहिल्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघा. वहीत घराचा साधा नकाशा काढा आणि पाण्याच्या वाटा पेन्सिलने दाखवा. हे काम मृगाच्या पहिल्या दोन सरींत झालं पाहिजे. एकदा गवत वाढलं की वाटा दिसत नाहीत.

पर्माकल्चरच्या पुस्तकांत समतल चर खणायला सांगतात. उताराला आडवा चर काढायचा, पाणी त्यात थांबतं, मुरतं, खालच्या झाडांना मिळतं. मीही पहिल्या वर्षी पुस्तक बघून मागच्या उतारावर असा चर खणला. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला आणि चर काठोकाठ भरला. त्याला सांडवा ठेवला नव्हता. तिसऱ्या रात्री तो एका जागी फुटला आणि गाळासकट सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिरलं. सकाळी आम्ही दोघी मिळून गाळ उपसत होतो. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, पाण्याला जायला दार ठेवायचं असतं." ते पुस्तक कोरड्या मुलखात बसून लिहिलेलं होतं. तिथे पाऊस थोडा, म्हणून थेंब न् थेंब अडवायचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाण्याचा पूर आणि पुढे आठ महिने कोरडे. इथल्या चराने जुलैत पाणी सावकाश पुढे सोडलं पाहिजे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या सरी पोटात घेतल्या पाहिजेत.

म्हणून इथे चर असा करा. गवंड्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असते, ती तासाभरासाठी मागून घ्या. दोन माणसं, दोन काठ्या, नळीचं एकेक टोक काठीला बांधलेलं. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे खुंट्या मारत जा. चर फूटभर रुंद, फूटभर खोल पुरतो. निघालेली माती खालच्या बाजूला टाका आणि पायाने दाबा. चराच्या एका टोकाला काठापेक्षा चार बोटं खाली सांडवा ठेवा, त्यात दगड घट्ट बसवा, आणि तिथून निघालेलं पाणी त्याच्या जुन्या वाटेलाच लावा. शेजाऱ्याच्या दारात काढू नका. दगडांच्या फटींत वाळ्याची ठोंबं लावा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती घट्ट धरतात. चराच्या पोटात नारळाच्या सोडणांचे तुकडे, जाड फांद्या आणि वर पाचोळा भरा. दोन वर्षांत तो काळ्या मातीने भरतो. ती माती उचलून वाफ्यात घाला आणि चर पुन्हा भरा.

खणण्याआधी जमीन पाणी पिते का ते बघा. फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात चार बोटं उतरलं तर जमीन बरी आहे. रात्रभर तसंच राहिलं तर खाली चिकण माती किंवा कातळ आहे. तिथे चराचा नाद सोडा, वर उचललेले गादीवाफे करा. घराच्या पायापासून चर किमान दहा फूट लांब ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. डोंगराच्या उभ्या उतारावर, वस्तीच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या मनाने चर खणून पाणी मुरवू नका. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. ती दरड कुणाच्या बागेमुळे आली नव्हती, पण भिजून जड झालेली माती उतारावर काय करते ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तीव्र उतारावर माती उकरायचीच नाही. तिथे आहे ते गवत, झुडपं, झाडं राखायची, आणि काम करायचंच असेल तर भूजलाच्या किंवा मृदसंधारणाच्या माणसाला जागा दाखवून मगच. परसातल्या सौम्य उतारापुरतंच वरचं सगळं लागू आहे.

मोरीचं पाणी हे दुसरं धन. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी एका खड्ड्यात सोडा: तीन फूट रुंद, दोन फूट खोल, तळाशी विटांचे तुकडे, वर काटक्या आणि पाला. कडेने तीन केळी, मधल्या जागेत अळू. पाणी उघड्यावर साचलेलं दिसता कामा नये, पाल्याखाली मुरलं पाहिजे, नाहीतर डास होतात आणि डेंग्यू घरात येतो. शौचालयाचं पाणी इथे कधीच सोडायचं नाही. कपड्यांच्या पावडरचं पहिलं फेसाळ पाणी शक्यतो वेगळं काढा. खळबळण्याचं पाणी चालतं.

माती: नांगर विसरा

नेरळची सगुणा बाग बऱ्याच जणांनी पर्यटनासाठी पाहिलेली असते. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची जी पद्धत बसवली ती बागवाल्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. सगुणा राईस टेक्निक, म्हणजेच एसआरटी. गादीवाफे एकदाच करायचे, मग नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भाताचं बी साच्याने खुणा करून टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक घ्यायचं. कुजणाऱ्या मुळांच्या जागी बारीक नळ्या तयार होतात, त्यांतून हवा आणि पाणी आत जातं, गांडुळं परत येतात. चिखलणी करून करून दमलेल्या कोकणातल्या शेतकऱ्यासाठी हा मोठाच दिलासा आहे. या पद्धतीत तण मारायला तणनाशक वापरतात, आणि तिथे माझी वाट वेगळी होते. दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्याला मजूर मिळत नाही, त्याची अडचण मला कळते. पण घरच्या वाफ्यात तणनाशकाची काहीच गरज नाही. तिथे तणाला पुठ्ठा आणि पाचोळा पुरे.

वाफा करताना जमीन उकरू नका. गवत मुळासकट उपटण्याऐवजी विळ्याने जमिनीलगत कापा आणि तिथेच टाका. त्यावर खोक्यांचा साधा पुठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून, ओला करून, एकावर एक चार बोटं चढवून पसरा. वर शेणखत किंवा कुजलेला पाला दोन-तीन इंच, त्यावर सहा इंच पाचोळा. पुठ्ठ्याला भोक पाडून तिथेच मूठभर माती घालून रोप लावा. पुठ्ठा आणि पाचोळा पावसाआधी महिनाभर नुसता भिजवून ठेवला तर आणखी उत्तम.

पाचोळ्याबद्दल पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी. पावसाळ्यात जाड थर ठेवला तर त्याखाली गोगलगायी होतात आणि कोवळे देठ सडतात, म्हणून जूनच्या शेवटी थर दोन इंचांवर आणा, काढलेला पाला चरात भरा आणि ऑक्टोबरपासून पुन्हा जाड करा. दुसरं म्हणजे घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेपासून तीन फूट पट्टा मोकळा, झाडलेला ठेवा. आपल्याकडे फुरसं, घोणस, मण्यार तिन्ही आहेत आणि पाचोळ्याचा ढीग त्यांना आवडतो. हात घालण्याआधी काठीने हलवायची सवय लावा, पोरांना लावा. खोडालाही पाला चिकटू देऊ नका, वीतभर जागा सोडा. नाहीतर वाळवी आणि बुरशी.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, गॅलरी किंवा गच्ची आहे, त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं काम अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, शेतकऱ्याने स्वतः मोजावं, स्वतः प्रयोग करावा, एकमेकांना सांगावं, या भरवशावर. त्यांच्या विचारातून अमृतमाती आली आणि दीपक सचदे यांनी ती पुढे नेली. कृती अशी. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी ड्रममध्ये घालून तीन दिवस रोज तीनदा ढवळा. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी मिसळलं की अमृतजल तयार. वाळलेला पाला त्यात एक दिवस भिजवा, मग पाल्याचा थर आणि चिमूटभर मातीचा थर असं रचत ढीग करा, आठवड्याला एकदा परता. महिनाभराने त्यावर घरातली असतील ती धान्यं, कडधान्यं, मसाल्याची बियाणं एकत्र पेरा आणि उगवलेली रोपं २१व्या, ४२व्या आणि ६३व्या दिवशी थोडी थोडी कापून तिथेच मिसळा. निघणारी माती काळी, हलकी आणि पावसानंतरच्या जंगलासारख्या वासाची असते. गच्चीवर हलकेपणाच महत्त्वाचा. ओल्या मातीचा सहा इंचांचा थर एका चौरस मीटरला अडीचशे किलोपर्यंत भरू शकतो, अमृतमाती त्याहून पुष्कळ हलकी. तरी जड कुंड्या तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवरच ठेवा, खाली विटा देऊन पाणी मोकळं वाहू द्या.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचाराने शेती उभी केली. कॅन्टीनमधला ओला कचरा आणि वाळलेला पाला यांची माती करून तिथे फळझाडं आणि भाज्या वाढल्या. गोदीतल्या सिमेंटवर हे होऊ शकतं, तर खोपोलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर का होऊ नये? आपल्याकडे तर भातगिरणीत तूस मिळतं, शेतात पेंढा मिळतो. फळांची तीन क्रेट, आत गोणपाट, वर अमृतमाती. एकीत माठ आणि मेथी आलटून पालटून, दुसरीत पुदिना आणि गवती चहा, तिसरीत मायाळूचा वेल ग्रिलवर चढवलेला. सुरुवात एवढीच करा. पहिल्याच वर्षी पन्नास कुंड्या आणणारे दिवाळीनंतर थकलेले मी बघितले आहेत.

काय लावावं

शहरातल्या बागांचं ऐकून टोमॅटो, सिमला मिरची, ब्रोकोली यांच्या मागे लागू नका. आपल्या पावसात ती हरतात आणि फवारण्या मागतात. मृगात वाफ्यात भेंडी, आणि काकडी, पडवळ, शिराळी, कारली मांडवावर. वेल उंच गेले की पान वाऱ्यावर सुकतं आणि रोग कमी पडतो. फणसाच्या, आंब्याच्या सावलीत हळद, आंबेहळद आणि सुरण. मे अखेरीस कंद लावायचे आणि हिवाळ्यात पानं वाळून पडली की काढायचे, मधे काही मागत नाहीत. शेवगा पाणी साचलं की सडतो, म्हणून त्याला आवाराची सगळ्यात उंच जागा द्या. कढीपत्ता, पपई, लिंबू त्याच्या जवळपास. कुंपणाला निर्गुडी, अडुळसा, मधे मधे गिरीपुष्प. गिरीपुष्प वर्षातून दोन-तीनदा छाटला की पाल्याचा भरवशाचा पुरवठा होतो. रानमोडी आणि घाणेरी आवारात असेल तर फुलं यायच्या आधी कापून तिथेच आच्छादन करा. बी धरल्यावर कापलीत तर आच्छादनातून पुढच्या वर्षी तीच उगवेल.

जून-जुलैत कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, करटोली. शेवळांबरोबर काकडं घेतलीच पाहिजेत, नाहीतर घसा खाजतो. एका मावशींनी मला पहिल्यांदा शेवळं देताना नुसती जुडी दिली नाही, वरचा कोंब उलगडून आतला खाजरा भाग नखाने काढून दाखवला, मग काकडं पुड्यात बांधून दिली आणि ती आधी वाटून घाल म्हणाल्या. या ज्ञानाची किंमत घासाघीस न करता द्या. डोंगरावरून शेवळांचे कंद उपटून आपल्या बागेत आणू नका. आपल्या कुंडीत ते बहुतेक मरतात आणि तिकडे मावशींची भाजी संपते. टाकळा, कुर्डू, भारंगी मात्र परसात आपण होऊन येतात, त्यांना तण म्हणून उपटू नका. ओळख पक्की नसलेली भाजी जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय शिजवायची नाही.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांना

मुंबई-पुण्याहून येणारे फार्महाऊसवाले आपलेच वाचक आहेत, म्हणून सरळ लिहिते. आपल्या आवारातली हिरवळ एप्रिल-मेमध्ये बोअरवेलच्या पाण्यावर जगते. ते पाणी जिथून येतं त्याच भूगर्भातून शेजारच्या वाडीची विहीर भरते. हिरवळ मुलांना खेळायला लागेल तेवढी ठेवा, उरलेल्या जागेत ऐन, किंजळ, कुंभा, आंबा, जांभूळ, करवंद लावा आणि खाली पाचोळा पडू द्या. पाच दिवस कुणी नसताना रोपं जगवायला जमिनीत रंग न दिलेली, चकाकी नसलेली मातीची मडकी पुरा, तोंडापर्यंत पाण्याने भरा आणि झाकण ठेवा. पाझरणारं पाणी आठवडाभर दोन रोपांना पुरतं. माळ्याला पाचोळा जाळू नका असं स्पष्ट सांगा. पूर्वीच्या मालकांनी त्याला आवार चकचकीत ठेवायला शिकवलेलं असतं.

माथेरानभोवतीचा मोठा पट्टा २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि त्यात कर्जत-खालापूरमधली गावं येतात. जमीन घेण्याआधी, सपाटीकरण करण्याआधी आपला गट नंबर त्यात आहे का ते तपासा. डोंगर कापून केलेल्या सपाट प्लॉटवर लावलेली दहा झाडं तो डोंगर भरून काढत नाहीत.

अंगणाच्या पलीकडे

आता धुराकडे परत येऊ. पाचोळा जाळणं हे नुसतं वाईट नाही, नियमाविरुद्ध आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी बागेतला कचरा वेगळा ठेवायला सांगितला, आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. पण शेजाऱ्यावर तक्रार करून सुरुवात करू नका. आधी त्याला म्हणा, पाला मला दे. मी गेल्या काही वर्षांत गल्लीतल्या सात घरांचा पाला गोणीतून आणते. त्यातल्या तीन घरांनी नंतर गोण्या द्यायचं थांबवलं, कारण आता त्यांनाच तो लागतो.

मग लेखी काम सुरू करा. कर्जत, खोपोली, माथेरान नगरपरिषद असो, खालापूर नगरपंचायत असो की तुमची ग्रामपंचायत, मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. "प्रभागात पाला टाकायला जाळीचे दोन हौद करावेत आणि कंत्राटदाराने पाला जाळू नये" अशी. पाच-सात सह्या घ्या, तारखेसह फोटो जोडा, अर्जाच्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. महिन्याने त्या क्रमांकासह स्मरणपत्र. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात, काय कार्यवाही झाली, एवढंच विचारा. राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानात स्थानिक संस्थांना अशा कामांसाठी गुण मिळतात, हे अर्जात लिहा. अधिकाऱ्यालाही कारण मिळतं. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. कुऱ्हाड दिसली तर परवानगीचा कागद दाखवा असं शांतपणे विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं काम ओढ्याचं. पावसात काढलेला पाण्याच्या वाटांचा नकाशा आठवतो? तो घेऊन भूमी अभिलेखच्या कार्यालयात जा आणि गाव नकाशाची प्रत घ्या. त्यावर नाले, ओढे काढलेले असतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. कागदावर ओढा आहे आणि जागेवर भराव आहे, असं दिसलं तर तहसीलदारांकडे अर्ज द्या, सोबत दोन्ही नकाशे आणि फोटो. हे पावसाळ्याआधी करा, फेब्रुवारी-मार्चात. जूनमध्ये सगळं कार्यालय पुराच्या कामात असतं. ग्रामीण भागात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोच विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघा. त्याच वेळी गावाची लोक जैवविविधता नोंदवही बघायला मागा. जैवविविधता कायद्याप्रमाणे ती असायला हवी. तुमच्या परसातली टाकळा-भारंगी आणि डोंगरावरची शेवळं त्यात लिहिलेली नसतील तर मावशींना सोबत घेऊन त्यांच्या नावाने लिहायला लावा.

उरलं बियाणं. कर्जत तालुक्यात धान्य साठवून वाटणं हे लढ्याचंच काम राहिलं आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या, आणि पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका चालवल्या. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी तर घरच्या बियाण्यावरच गावोगावच्या बायका जोडल्या. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. आपण सुरुवात कडव्या वालाने करू. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर आणि दवावर तो येतो, वेगळं पाणी मागत नाही, जमिनीत नत्र ठेवतो. जानेवारीत शेंगा भरल्या की रायगडात घरोघरी पोपटी लागते, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा घालून. पोपटीसाठी शेंगा तोडायच्या आधी सगळ्यात जोमदार दोन वेल निवडा आणि त्यांना लाल चिंधी बांधा, म्हणजे मुलं तोडणार नाहीत. त्या वेलांवरच्या शेंगा जागेवर वाळू द्या, कडकडीत उन्हात दोन दिवस फिरवा, चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बाटलीत भरा. बाटलीवर गावाचं नाव आणि साल लिहा. पुढच्या कार्तिकात जो मागायला येईल त्याला मूठभर द्या, आणि त्याच्याकडे जो वाल असेल त्यातला मूठभर मागून घ्या.